संगीतसेवक मास्तर कृष्णराव

ग्वाल्हेर आणि गायन यांचे नाते आम्हां पडावकरांना कोणी नव्याने सांगावे लागत नाही. हजिऱ्याला तानसेन चिरनिद्रा घेत आहे. याच नगरीत हद्दूखाँ-हस्सूखाँ यांनी ख्यालाला जे वळण लावले, ते पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत नेले आणि महाराष्ट्रात रुजविले. त्यामुळे येथील मराठी घरांतून ख्यालगायनाला देवघरातील समईसारखा मान मिळत आला आहे. परंतु त्याच घरातील मुलाच्या ओठांवर एखादे सिनेमाचे गाणे आले, की वडील मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. हे काय गाणे म्हणायचे, असा प्रश्न होतो, आणि मूल बिचारे गप्प बसते.

खरे गाणे आणि सिनेमाचे गाणे अशी भिंत खरोखर आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही वादविवादाने देणार नाही. एका थोर पुरुषाच्या चरित्राने ते आपोआप मिळेल, असा आमचा विश्वास आहे. तो पुरुष म्हणजे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. मैफलीचे ते गवई होते, रंगभूमीचे नट होते, चित्रपटाचे संगीतकार होते. आणि एका गीतासाठी त्यांनी अनेक वर्षे एकाकी लढा दिला.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी पुण्याजवळच्या आळंदी येथे झाला. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीने पावन झालेले हे गाव. टाळमृदंगाचा घोष, वारकऱ्यांचे अभंग आणि इंद्रायणीचा घाट यांच्या सान्निध्यात ज्याचे बाळपण गेले, त्याच्या कानांवर पहिला संस्कार भजनाचा झाला, यात नवल नाही. पुढे कृष्णरावांची कीर्ती देशभर पसरली, तरी त्यांच्या गाण्यातील भजनाचा ओलावा कधी आटला नाही. त्याचे मूळ आम्हांला आळंदीच्या मातीत दिसते.

त्या काळी गोड गळ्याच्या मुलाला नाटक कंपनीचे दार लवकर उघडत असे. कृष्णरावांचेही तसेच झाले. १९११ च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले. ‘संत सखू’ नाटकातील त्यांचे काम आणि गाणे लोकांना फार आवडले. नाटकातील बालनटाच्या नावामागे ‘मास्टर’ लावण्याची त्या वेळी पद्धत होती. त्याप्रमाणे ते ‘मास्टर कृष्णा’ झाले. आणि ही पदवी त्यांना अशी चिकटली, की केस पिकले तरी ते सर्वांचे ‘मास्तर’च राहिले. पुढे त्यांनी इतक्यांना विद्या दिली, की ही पदवी दुसऱ्या अर्थानेही सार्थ झाली. याच मंडळीत सवाई गंधर्व हे नामांकित गायकनट होते. काही काळ त्यांचे मार्गदर्शन कृष्णरावांना लाभले.

परंतु टाळ्यांच्या कडकडाटात वाढलेल्या मुलाचे पुढे काय होते? आवाज फुटतो, टाळ्या थांबतात आणि मूल विस्मृतीत जाते. रंगभूमीने अशी कितीतरी उदाहरणे पाहिली आहेत. कृष्णरावांचे भाग्य असे, की ऐन वेळी त्यांना गुरू भेटले, आणि गुरूही कसे, तर गायनाचार्य भास्करबुवा बखले!

भास्करबुवांची विद्या म्हणजे त्रिवेणी संगमच होता. ग्वाल्हेर परंपरेचे फैज महंमदखाँ, आग्र्याचे नत्थनखाँ आणि जयपूरचे अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांपाशी त्यांनी सेवाभावाने अध्ययन केले होते. आमच्या ग्वाल्हेरीचा एक प्रवाह अशा रीतीने बुवांच्या द्वारे कृष्णरावांपर्यंत पोहोचला, हे येथील वाचकांनी अभिमानाने ध्यानात ठेवावे. बुवा जितके थोर गवई, तितकेच उदार गुरू होते. ज्या काळी उस्ताद आपली चीज तिजोरीतल्या दागिन्याप्रमाणे लपवून ठेवीत, त्या काळी बुवांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करून सामान्य घरांतील मुलामुलींसाठी गायनाचे वर्ग उघडले. नाटकाकडेही त्यांनी कधी तुच्छतेने पाहिले नाही. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली महाराष्ट्रात घरोघर गेल्या. अभिजात रागदारी सामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर कशी बसवावी, याचा तो वस्तुपाठच होता, आणि कृष्णराव तो अगदी जवळून गिरवीत होते.

गुरुगृहीचे अध्ययन म्हणजे रोज ठराविक घटका वर्गात बसणे नव्हे. गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन बसावे, त्यांच्या गाण्यात सूर मिळवावा, त्यांनी अर्धी सोडलेली तान आपण पुरी करावी, आणि ती चुकली तर त्यांच्या दृष्टीनेच समजून घ्यावे, अशी ती शिक्षणपद्धती होती. कृष्णरावांनी ती अंतःकरणपूर्वक पत्करली. बुवांच्या गाण्यातील चापल्य, लयीशी चाललेला खेळ आणि भराभर पालटणारे रंग यांचा वारसा त्यांना लाभला. तासन्‌तास एकाच रागात रमण्यापेक्षा थोडक्या वेळात रागाचे संपूर्ण रूप उभे करावे आणि श्रोता तृप्त होण्याच्या क्षणीच थांबावे, हे पुढे त्यांच्या मैफलीचे वैशिष्ट्य ठरले. ख्यालामागून ठुमरी, ठुमरीमागून नाट्यपद आणि शेवटी भजन, अशा त्यांच्या मैफलीत पंडितांचे मन भरे आणि पहिल्यांदाच गाणे ऐकावयास आलेला मनुष्यही कंटाळत नसे.

८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवांचे देहावसान झाले. कृष्णराव तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. गुरूंच्या मृत्यूने शिष्य पोरका होतो खरा. परंतु त्याची खरी परीक्षाही तेव्हाच सुरू होते. बुवांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताचा मोठा भार या तरुणाच्या शिरावर आला. नटसम्राट बालगंधर्व यांच्यासमवेत ते रंगभूमीवर उभे राहून गात, आणि पडद्यामागे नव्या नाटकांच्या पदांना चाली लावीत. ‘मेनका’, ‘सावित्री’ आणि १९३१ साली आलेले ‘कान्होपात्रा’ ही त्यांच्या संगीताने नटलेली नाटके होत. ज्यांच्या गळ्यावर अवघा महाराष्ट्र लुब्ध होता, त्या बालगंधर्वांसाठी चाल बांधणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. चाल अशी हवी, की त्या गळ्याला विहार करण्यास आकाश मिळावे आणि पदातील भावही हरवू नये. कृष्णरावांनी हा तोल सांभाळला.

इतक्यात काळ पालटला. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट निघाला. पाठोपाठ १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. त्याचे संगीत भास्करबुवांचेच दुसरे शिष्य गोविंदराव टेंबे यांचे होते. प्रेक्षकांचा ओघ नाटकगृहांतून चित्रपटगृहांकडे वळला. एकामागून एक नाटक मंडळ्या कर्जाच्या ओझ्याखाली वाकल्या. ज्यांनी उभा जन्म रंगभूमीला वाहिला होता, त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी काही कलावंत काळाला दोष देत बसले, तर काही काळापुढे शरण गेले. कृष्णरावांनी दोन्ही केले नाही. आपली विद्या घेऊन ते नव्या दालनात शिरले, आणि तेथील रीत एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून शिकले.

१९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’ हा प्रभातचा बोलपट आला. स्त्रीभूमिकांसाठी विख्यात असलेले बालगंधर्व यात संत एकनाथांच्या पुरुषभूमिकेत पडद्यावर आले. अस्पृश्यतेविरुद्ध उभ्या ठाकलेल्या संताची ही कथा. तिचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. परंतु त्या नावात गांधीजींचा निर्देश दिसून सरकारी परीक्षकांनी हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. या बोलपटाचे संगीत कृष्णरावांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, नाटकाच्या आणि चित्रपटाच्या गाण्यांत अंतर कोणते, हे येथे थोडे समजून घेऊ. रंगभूमीवर गायकाला काळाचे बंधन फारसे नसे. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’चा पुकारा केला, की तेच पद पुन्हा नव्या ताना घेऊन गावयाचे, एकेक पद पाव-पाव तास रंगे. चित्रपटात मात्र गाणे फितीच्या लांबीने बांधलेले असते. ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तर तीन-साडेतीन मिनिटांतच संपत असे. तेवढ्या अवकाशात रागाचा गंध यावयास हवा, शब्दाचा अर्थ पोहोचावयास हवा, पात्राचा स्वभाव दिसावयास हवा, आणि कथेचा ओघही अडता कामा नये. शिवाय प्रेक्षकात पुण्याचा रसिक असतो, तसा कधी गाणे न शिकलेला खेडूतही असतो. समुद्र मडक्यात भरण्यासारखे हे काम आहे. ज्याच्यापाशी समुद्रच नाही, तो मडक्यात काय भरणार? कृष्णरावांपाशी गुरूने दिलेला समुद्र होता. म्हणूनच त्यांची तीन मिनिटांची चालही उथळ झाली नाही.

प्रभातमध्ये त्यांनी पुढे ‘अमर ज्योती’ (१९३६), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या बोलपटांना संगीत दिले. ‘अमर ज्योती’ तर व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात झळकला. ‘गोपाळकृष्ण’मध्ये बाळकृष्णाची भूमिका करणारा राम मराठे हा मुलगा पुढे मास्तरांचा शिष्य झाला, आणि पंडित राम मराठे या नावाने मैफलीत आणि संगीत रंगभूमीवर कीर्ती पावला. पाहा, ज्या चित्रपटाला आपण गाण्याचा वैरी समजतो, त्याच्याच अंगणात एका थोर गवयाचे रोप वाढले!

‘माणूस’ हा बोलपट एक पोलीस शिपाई आणि समाजाने दूर लोटलेली मैना यांची करुण कथा सांगतो. त्यात शांता हुबळीकर यांच्या तोंडी एक गाणे आहे, ज्याची कडवी निरनिराळ्या भारतीय भाषांत आहेत. प्रत्येक भाषेचा ढंग निराळा, उच्चार निराळे, लय निराळी. तरी अवघे गाणे एकजीव वाटावे, अशी करामत कृष्णरावांनी करून दाखविली. प्रभातचे अनेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत. ‘माणूस’चा ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’चा ‘पडोसी’ झाला. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक घरात एक भाषा बोलतो आणि उंबरठा ओलांडला की दुसरी. दोन्ही भाषा आपल्याच, हा अनुभव आम्हांला रोजचा आहे. कृष्णरावांच्या संगीताने हीच गोष्ट पडद्यावर सिद्ध केली.

‘शेजारी’ची कथा एक हिंदू आणि एक मुसलमान अशा दोन जिवलग शेजाऱ्यांची आहे. स्वार्थी माणसाच्या कारस्थानाने त्यांच्यात वितुष्ट येते आणि अखेर मृत्यूच्या दारात ते पुन्हा एकत्र येतात. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी त्या भूमिका अजरामर केल्या. देशात दोन समाजांतील दुरावा वाढत असताना हा बोलपट निघाला, हे विसरता येत नाही. त्यातील समूहगीत व नृत्य ज्यांनी पाहिले, त्यांना एक गोष्ट जाणवते : येथे एकट्या गवयाचे कौशल्य नसून साऱ्या गावाचा कंठ गात आहे.

चित्रपटात शिरले म्हणून कृष्णरावांनी रंगभूमी सोडली नाही आणि मैफलही सोडली नाही. १९४२ साली मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतन संस्थेचे ‘कुलवधू’ नाटक आले. जुन्या संगीत नाटकांतील पदांची दाटी रांगणेकरांनी कमी केली होती. मोजकी, लहान, संवादातून सहज उमलणारी पदे त्यांना हवी होती. चित्रपटात लागलेली संक्षेपाची सवय येथे कृष्णरावांच्या उपयोगी पडली. ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेली ‘कुलवधू’ची पदे महाराष्ट्रभर गाजली. रंगभूमीने चित्रपटाला दिलेले ऋण चित्रपटाने अशा रीतीने रंगभूमीला परत केले. १९४४ साली राजकमलच्या ‘भक्तीचा मळा’ या बोलपटात तर त्यांनी संगीताबरोबर संत सावता माळ्याची भूमिकाही केली. आळंदीचा तो बालक पुन्हा एकदा संतांच्या मेळ्यात जाऊन उभा राहिला.

आता आम्ही त्यांच्या जीवनातील त्या पर्वाकडे वळतो, जे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. ते पर्व ‘वंदे मातरम्’चे आहे. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीतील हे गीत स्वातंत्र्याच्या चळवळीत मंत्र होऊन राहिले होते. कृष्णरावांनी त्याला झिंझोटी रागाच्या आधाराने चाल लावली होती आणि ते आपल्या मैफलीत ते गात असत. इंग्रजी राजवटीत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर एकदा त्यांनी आपल्या गायनात हे गीत सुरू केले, तेव्हा त्यांचे प्रक्षेपण मध्येच थांबविण्यात आले. कृष्णरावांनी तेथे वाद घातला नाही. ज्या ठिकाणी हे गीत गाता येत नाही, तेथे आपण गाणार नाही, असा निश्चय करून त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला. नभोवाणी म्हणजे त्या काळच्या गवयाचे मोठे व्यासपीठ आणि उत्पन्नाचे साधन. घरात बसलेल्या लक्षावधी श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांनी आपल्या हाताने बंद केला, आणि तो स्वातंत्र्य दारात येईपर्यंत बंदच ठेवला. १९४७ साली काळ पालटला, तेव्हा नभोवाणीचे दार त्यांच्यासाठी सन्मानाने उघडले आणि तेच गीत त्यांनी तेथून गायिले.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणते असावे, हा प्रश्न उभा राहिला. ‘वंदे मातरम्’च्या उत्तरार्धात मातृभूमीला देवीच्या रूपात वंदन आहे, त्यामुळे काही देशबांधवांना ते म्हणणे अवघड वाटे. दुसरा आक्षेप संगीताचा होता. राष्ट्रगीत बँडवर वाजले पाहिजे, सैनिकांच्या संचलनाला साजले पाहिजे, परदेशी वादकांनाही वाजविता आले पाहिजे. आणि या दृष्टीने ‘जन गण मन’ची चाल अधिक सोयीची आहे, असे पंडित नेहरूंचे मत होते. पहिला आक्षेप राजकारणाचा. तो सोडविणे गवयाच्या हाती नव्हते. परंतु दुसरा आक्षेप आपल्या विद्येला दिलेले आव्हान आहे, असे कृष्णरावांनी मानले.

त्यांनी रागाची बांधणी सोपी केली, समूहाला एका दमात म्हणता येईल अशी चाल बसविली, बँडच्या जाणकारांच्या साह्याने पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन सिद्ध केले, आणि दिल्लीला जाऊन घटनासमितीच्या सभासदांपुढे ती चाल प्रत्यक्ष ऐकवून दाखविली. यासाठी लागलेला वेळ, श्रम आणि द्रव्य त्यांनी स्वतः वेचले. त्यांच्या पाठीशी ना संस्थान होते, ना सरकार. हे गीत बँडवर वाजू शकते, एवढे त्यांनी निश्चितपणे सिद्ध केले.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी घटनासमितीत निर्णय घोषित केला. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा सन्मान देण्यात आला. कृष्णरावांनी मागितले होते ते सर्व मिळाले नाही. मग त्यांचे श्रम वाया गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांनी कोणाचा द्वेष केला नाही, रवींद्रनाथांच्या गीताचा अनादर केला नाही. आपल्याला जे पवित्र वाटले, त्याची बाजू त्यांनी सुरांच्या पुराव्याने मांडली आणि निर्णय झाल्यावर पुन्हा आपल्या कामाला लागले. जिंकणाऱ्याची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. परंतु हवे ते सर्व मिळाले नाही तरी मन कडू होऊ न देणे ही विद्या अधिक दुर्मिळ आहे.

त्यानंतरही त्यांच्या हातून एक मोठे कार्य घडले. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल लावण्यासाठी बाबासाहेबांनी कृष्णरावांना पाचारण केले. आळंदीत वाढलेल्या या गवयाने पाली शब्दांचे उच्चार आणि अर्थ समजून घेऊन ती वंदना स्वरबद्ध केली. अभंग, नाट्यपद, चित्रगीत, राष्ट्रवंदना आणि बुद्धवंदना! सूर तेच सात; परंतु ज्याच्या त्याच्या श्रद्धेला साजेसे रूप त्यांनी ज्याला त्याला दिले.

गुरूंच्या भारत गायन समाजाची सेवा त्यांनी निष्ठेने केली. अनेक चिजा स्वरलिपीसह ‘रागसंग्रह’ या ग्रंथमालेच्या सात भागांत प्रसिद्ध केल्या. ‘तिलक केदार’, ‘मंगल तोडी’, ‘शिवकल्याण’ यांसारखे नवे राग त्यांनी योजिले. १९७१ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांना जाऊन आता अर्धे शतक उलटले आहे. प्रभातच्या जागेवर १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे. गंधर्व मंडळीचे वैभव पुस्तकांत उरले आहे. परंतु त्यांच्या चाली अजून गायिल्या जातात, आणि जेव्हा जेव्हा आमच्या गणेशोत्सवात एखादी मुलगी जुने नाट्यपद म्हणते, तेव्हा तेव्हा ते पुन्हा आमच्यात येऊन बसतात.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता पुन्हा वळू. खऱ्या गाण्याची आणि सिनेमाच्या गाण्याची भिंत कृष्णरावांना दिसली नाही. कारण त्यांनी भेद जागेवरून केला नाही, तपश्चर्येवरून केला. मैफलीतही निष्काळजी गाणे असू शकते आणि पडद्यावरही प्रामाणिक गाणे असू शकते. म्हणून आमच्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे : तुम्हांला सिनेमाचे गाणे आवडत असेल तर खुशाल म्हणा, पण ते कोणत्या रागातून आले आहे तेही शोधा. ग्वाल्हेरीत राहून ते विचारावयास दूर जावे लागत नाही; शेजारच्या गल्लीत एखादे तंबोरा लावून बसलेले आजोबा भेटतीलच. आणि वडील मंडळींना आमची विनंती आहे, की मूल गाऊ लागले तर कपाळाला आठी घालण्यापूर्वी क्षणभर ऐकावे. आळंदीचा तो मुलगाही प्रथम नाटकातली गाणीच गात होता.